कामगारांची उपासना: नाशिकच्या मंडळ्यांसाठी आखणीपासून पाठपुराव्यापर्यंत

एक मे जवळ आला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत कामगारांसाठी एक ओळ वाढते, आणि पुढच्या रविवारी ती गळून पडते. नाशिकमध्ये एवढ्यावर भागू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या बाकांवर बसणारी माणसं पाहा. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आहे, कोणी नाशिकरोडच्या सरकारी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालंय, कोणी ओझरच्या विमान कारखान्यात जातंय, कोणी चार घरची धुणीभांडी करून उपासनेला धावत येतंय. त्याच बाकांवर दोन-चार लहान वर्कशॉपचे मालक, एखादा बिल्डर, एखादा द्राक्षबागायतदारही असतो. मजुरी देणारा आणि घेणारा एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. अशा मंडळीत कामगारांच्या न्यायाची उपासना करायची तर ती कामगारांना सोबत घेऊनच आखावी लागते, आणि तिचा शेवट आशीर्वचनाने होऊन चालत नाही. कोणाच्या तरी पगारात, सुट्टीत, कागदपत्रांत काहीतरी बदलावं लागतं. पुढचं सगळं याच धाग्यावर बेतलेलं आहे.

हा विषय बाहेरून आणलेला नाही, हेही आधीच सांगून ठेवते, कारण "चर्चमध्ये युनियनचं राजकारण कशाला?" असं कोणीतरी विचारणारच. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला शरणपूरची वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली गेली, आणि त्यांना अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं गेलं. त्यांतले काही तरुण पुढे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेला गेले. १८७४ मध्ये त्याचा मृतदेह इंग्लंडला पोहोचला, तेव्हा शवपेटीसोबत असलेला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकलेला होता. माणसाला विकत घेऊन फुकट राबवणं हे पाप आहे, या जाणिवेच्या पायावर आपल्या शहरातली ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला शरणपूरची आठवण द्या.

तारीख ठरवताना

एक मे ही सोपी तारीख. १८८६ च्या शिकागोच्या आठ तासांच्या लढ्याची ती आठवण आहे, महाराष्ट्राचा स्थापनादिन आहे, आणि कॅथलिक मंडळींसाठी १९५५ पासून कामकरी संत योसेफाचा सण आहे. १५ मे १८९१ या दिवशी पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं होतं. त्यामुळे मे महिन्यातला कुठलाही रविवार साजेसा ठरतो, आणि प्रॉटेस्टंट व कॅथलिक मंडळ्यांना एकत्र येऊनही हे करता येतं.

पण तुमच्या भागात कोण राबतं ते पाहून ठरवा. तुमची मंडळी दिंडोरी, निफाड किंवा पिंपळगावच्या बाजूला असेल तर मे महिना उपयोगाचा नाही. द्राक्षाची खुडणी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या मेपर्यंत आपापल्या पाड्यांवर परतलेल्या असतात. त्यांच्यासाठीची उपासना फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला ठेवा. बांधकामावरच्या लोकांसाठी मे चालतो, कारण पाऊस येण्याआधी कामं जोरात असतात. ज्यांच्या मंडळीत कापणीचा सण मोठा होतो, त्यांनी त्याच सणाला हा विषय जोडला तरी चालेल. वेदीजवळ मांडलेलं धान्य आणि भाजीपाला कोणाच्या हातांनी कापला, हा प्रश्न त्या दिवशी आपसूक उभा राहतो.

वेळेचं काय? सगळ्याच कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी साडेआठला बसला तर डुलक्या काढतो, आणि दुपारपाळीवाल्याला दोन वाजताच घर सोडायचं असतं. घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळी दहापर्यंत मोकळीक नसते. म्हणून शक्य असेल तर संध्याकाळी सहाची उपासना ठेवा, आणि परत जायला सिटीलिंकची बस मिळेल अशा बेताने संपवा. अंबड, चुंचाळे, पाथर्डी फाट्याकडून येणाऱ्यांसाठी आधीच विचारून दोन-तीन गाड्यांची सोय करून ठेवा.

आठ आठवडे आधी: कोण कुठे राबतं?

पहिलं काम म्हणजे मंडळीची यादी घेऊन बसणं. ज्यांच्या पुढे "नोकरी" एवढंच लिहिलंय त्यांच्याकडे जाऊन विचारायचं. कायम आहात की कंत्राटी? किती महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस कामावरून कमी करतात? पीएफ कापतात का, आणि कापलेला भरतात का? आठवड्याची सुट्टी मिळते का? हे चौकशीच्या थाटात नको, आणि फॉर्म वाटून तर मुळीच नको. महिला मंडळातल्या दोघी आणि तरुण संघातले दोघे यांनी घरी जावं, चहा प्यावा, ऐकावं. जे कळेल ते त्या घराच्या नावानिशी कुठेही लिहू नये. कामाचे प्रकार आणि अडचणी तेवढ्या टिपाव्यात.

मग आखणीची समिती. पाळकसाहेब, गायनाचं पाहणारे आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा एक सभासद एवढे पुरे. बाकी निम्मी माणसं अंगमेहनतीची कामं करणारी हवीत. त्यांत एक गवंडी किंवा बिगारी, एक कंत्राटी कामगार, एक घरकाम करणारी मावशी नक्की असावी. इथे एक गोष्ट पाळाच. रोजंदारीवरचा माणूस बैठकीला आला आणि त्याचा रोज बुडला, तर तो चर्चच्या पैशांतून भरून द्यायचा, बैठकीच्याच दिवशी. पाळकांच्या प्रवासखर्चाचं व्हाउचर आपण बिनबोभाट मंजूर करतो, मग यालाही कोणी हरकत घेऊ नये. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर टेकलेला असतो, अशी आज्ञा अनुवाद २४:१४-१५ मध्ये आहे. ती उपासनेत वाचण्याआधी बैठकीत पाळली जावी.

आधी आपलं घर

हा टप्पा सगळ्यांत अवघड आहे, आणि बहुतेक मंडळ्या तोच गाळतात. चर्चच्या आवारात कोण काम करतं? रखवालदार, झाडलोट करणाऱ्या मावशी, माळी, बालवाडीच्या सेविका, वसतिगृहाचा स्वयंपाकी, शाळा असेल तर मानधनावरचे शिक्षक. त्यांना काय मिळतं? यिर्मया २२:१३ मध्ये, शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन घर बांधणाऱ्याला संदेष्टा हाय हाय म्हणतो. तो अध्याय वाचायचा आणि आपल्याच रखवालदाराला बारा तासांच्या पाळीचे तुटपुंजे पैसे द्यायचे, हे देवासमोर टिकणार नाही.

उपासनेच्या किमान महिनाभर आधी पास्टरेट कमिटीच्या बैठकीत एवढे विषय घ्या: आपल्या प्रत्येक कामगाराला लागू असलेला किमान वेतनाचा दर काय, आपण किती देतो, आठवड्याची सुट्टी आहे का, पगार बँकेत जमा होतो का, आजारपणाची रजा आहे का. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यामुळे चार वर्षांपूर्वी ठरवलेला आकडा आज बरोबर असेलच असं धरून चालू नका. सध्याचे दर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात मिळतात. तफावत निघाली तर ती कशी आणि केव्हापर्यंत भरून काढणार, याचा ठराव करा. उपासनेच्या दिवशी तो सचिवांनी वाचून दाखवावा. पैसे खरंच नसतील तर तेही मंडळीसमोर सांगावं आणि मुदत द्यावी. मंडळीने हे ऐकल्यावर संदेशाला जे वजन येतं, ते कुठल्याही वक्तृत्वाने येत नाही.

सभासदांसाठी वेगळी चिठ्ठी काढता येईल. नावाशिवाय, फक्त प्रश्नांची: घरी काम करणाऱ्या मावशींना महिन्यात किती सुट्ट्या? गावी गेलात की त्या दिवसांचे पैसे कापता का? दिवाळीला बोनस देता, मग नाताळाला? ही चिठ्ठी वाटा आणि गोळा करू नका. माणसाने ती घरी नेऊन वाचावी.

वाचनं

पवित्र शास्त्रात या विषयावर इतकं आहे की निवडणं कठीण जातं. माझी पसंती अशी.

जुन्या करारातून निर्गम ५. फारो गवत देणं बंद करतो, पण विटांची संख्या कमी करत नाही, आणि वर लोकांनाच आळशी म्हणतो. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या कुटुंबाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. टार्गेट वाढलं, माणसं घटली, असं ज्या कंपन्यांत झालंय तिथल्या पोरांनाही नाही. कर्जापायी पोरंबाळं गहाण पडल्याची लोकांची तक्रार आणि त्यावर नहेम्याचा संताप नहेम्या ५ मध्ये आहे. उचलीच्या प्रश्नावर बोलायचं असेल तर तो अध्याय घ्या. शब्बाथाची आज्ञा वाचायची तर अनुवाद ५:१२-१५ वाचा, कारण तिथे दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा असं स्पष्ट आहे.

स्तोत्रांत ९० वं, विशेषतः शेवटचं वचन. पत्रांतून याकोब ५:१-६, कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असं सांगणारा भाग. आणि शुभवर्तमानातून मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. नाशिकमध्ये हा दाखला सोडून दुसरा घ्यावा असं मला वाटत नाही.

वाचक निवडताना अडखळत वाचणाऱ्याला टाळू नका. याकोबाचं पत्र ज्याची मजुरी खरोखर अडकलेली आहे त्याने वाचलं, तर दोन शब्द चुकले तरी मंडळी कान देऊन ऐकते. आधी दोनदा सराव करून घ्या, मोठ्या अक्षरांत छापून द्या. वाचता येत नसेल तर वचन पाठ करून म्हणू द्या.

उपासनेचा क्रम

दीड तासात बसवा. लांबली तर दिवसभर कामावर उभं राहून आलेल्यांचीच पाठ दुखते.

सुरुवात मिरवणुकीने. कामगार आपापलं हत्यार घेऊन मागच्या दारातून वेदीपर्यंत येतात: थापी, भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा, पाना, छाटणीची कात्री, शिलाईची कैची, झाडू, लाटणं, स्टेथोस्कोप, डिलिव्हरीची पिशवी, कंपनीचं हेल्मेट. इथे तीन गोष्टी सांभाळा. हत्यार ज्याचं त्यानेच आणावं, संडे स्कूलच्या मुलांना गवंड्याचे कपडे घालून चालवू नका. हत्यारं घासूनपुसून चकचकीत करू नका, सिमेंट लागलेलं तसंच राहू द्या. आणि सफाई कामगाराचा झाडू शेवटी, कोपऱ्यात नको. तो क्रुसाजवळ ठेवा. ओळंबा वेदीसमोर टांगता आला तर फार चांगलं. आमोस ७ मध्ये प्रभू हातात ओळंबा घेऊन भिंतीशी उभा आहे, आणि ज्याने भिंत बांधलीय त्याला माहीत असतं की ओळंबा कोणाचं ऐकत नाही.

गीतं साधी, सगळ्यांना पाठ असलेली घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाची जी वाट घालून दिली ती इथे कामी येते. अभंगाच्या चालीला पुस्तक लागत नाही, ध्रुपद एकदा कानावर पडलं की माणूस टाळ्या धरतो. पेटी, ढोलकी, टाळ ठेवा. प्रोजेक्टरवर शब्द दाखवून नवं गाणं बसवायचा मोह त्या दिवशी आवरा.

नंतर पापांगीकार. हा भाग नेहमीच्या पुस्तकातून घेतला तर विषय निसटतो, म्हणून वेगळा लिहून घ्या. नमुन्यादाखल एक देते, हवा तसा बदलून वापरा:

*दयाळू देवा, आम्ही मजुरी ठरवताना घासाघीस केली आणि तिला काटकसर म्हटलं.*
*घरी काम करणाऱ्या बाईच्या आजारपणाचे दिवस आम्ही पगारातून कापले.*
*कंत्राटदाराकडे बोट दाखवून आम्ही मोकळे झालो.*
*ज्यांनी आमचं घर बांधलं, आमचा कचरा उचलला, आमच्या ताटातलं पिकवलं, त्यांचं नाव आम्ही विचारलं नाही.*
*आमच्यासारख्याच कामगारावर अन्याय होताना, आपली नोकरी जाईल म्हणून आम्ही खाली पाहिलं.*
*आम्हाला क्षमा कर. जे बुडवलं ते परत द्यायला आमचे हात सोडव.*

पाचवी ओळ मुद्दाम आहे. सगळा कबुलीजबाब मालकांचा असला तर कामगार नुसता ऐकत बसतो. मुकादम, सुपरवायझर, लाइनवरचा कायम कामगार हेही या साखळीत असतात. शेवटच्या ओळीआधी मिनिटभर शांत राहा. क्षमेच्या घोषणेसोबत लूक १९ मधल्या जकातदार जक्कयाची आठवण द्या. त्याच्या घरी तारण आलं तेव्हा त्याने परतफेडीचा आकडाही सांगितला होता.

संदेश

पंधरा मिनिटं. मत्तय २० वर बोलताना आपल्याकडे लगेच "हे स्वर्गाच्या राज्याविषयी आहे" असं म्हणून मजूर बाजूला पडतात. स्वर्गाच्या राज्याविषयी आहेच, पण येशूने ते सांगायला कामाची वाट पाहत नाक्यावर उभी असलेली माणसं निवडली, तेव्हा त्या माणसांकडे नीट पाहणं भाग आहे. दाखल्यातला घरधनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. संध्याकाळी अजून उभ्या असलेल्यांना तो विचारतो, आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आपल्या शहरात सकाळी दहा वाजता नाक्यावर उरलेल्या माणसाला आपण काय समजतो? रिकामटेकडा. तो सहापासून उभा आहे हे आपण पाहिलेलं नसतं. आणि सगळ्यांत शेवटी उरतात ती म्हातारी माणसं, कडेवर मूल असलेल्या बाया, हात अधू झालेले.

घरधनी प्रत्येकाला दिवसाची पूर्ण मजुरी देतो, कारण एका तासाच्या मजुरीवर घरात चूल पेटत नाही. संध्याकाळीच देतो, उद्यावर ढकलत नाही. आधी आलेल्यांना ठरलेल्यापेक्षा एक पैसाही कमी देत नाही. हा शेवटचा मुद्दा विसरू नका, कारण काही मालक याच दाखल्याचा आधार घेऊन "मी माझ्या पैशांचं हवं ते करीन" असं म्हणतात. तिथे घरधन्याचं स्वातंत्र्य जास्त देण्याचं आहे.

बाकावर बसलेल्या बागायतदारालाही विसरू नका. व्यापारी माल भरून नेतो आणि पैसे न देता फोन बंद करतो, हे नाशिकच्या द्राक्षपट्ट्याला नवीन नाही. बुडालेला शेतकरी मग मजुरांची आठवड्याची पगारवाटप पुढे ढकलतो. संदेश देणाऱ्याने ही साखळी सांगावी. शेतकऱ्याच्या दुःखाला नाव द्यावं, आणि तरीही म्हणावं की त्या साखळीत सगळ्यांत शेवटच्या माणसाचे पैसे सगळ्यांत आधी.

"काम हीच पूजा" या वाक्यावर संदेश बेतू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राबणाऱ्याने मुकाट राबावं म्हणून ते फार वेळा वापरलं गेलंय. त्यापेक्षा रविवारची गोष्ट सांगा. मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून अर्ज-सभांचा लढा दिला, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. शब्बाथाची आज्ञा वाचणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या राज्यात ती सुट्टी एका सत्यशोधकाला झगडून मिळवावी लागली. आपण रविवारी निवांत उपासनेला येतो, त्यात त्या झगड्याचा वाटा आहे, हे मंडळीला कळलं पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांचं नावही घ्या. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह ज्या शहरात झाला, त्या शहरातल्या मंडळीला हे नाव परकं नाही.

साक्ष

दोघांची, प्रत्येकी पाच मिनिटं, जास्त नको. एक बाई, एक पुरुष. त्यांनी काय सांगायचं ते त्यांनीच ठरवावं. पाळकांनी भाषण लिहून देऊ नये. पण धोका त्यांना आधी समजावून सांगा. कंत्राटी माणसाने कंपनीचं नाव घेतलं आणि कोणी तो व्हिडिओ पुढे पाठवला, तर सोमवारी गेटवर त्याचं कार्ड चालणार नाही. म्हणून साक्षीच्या वेळी थेट प्रक्षेपण बंद, मोबाइल खिशात, कंपनीचं आणि मालकाचं नाव नाही. हे उपासना चालवणाऱ्याने स्पष्ट सांगावं. स्वतः बोलायची भीती वाटत असेल तर त्यांचे शब्द दुसऱ्या कोणीतरी वाचावेत, नाव न घेता.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यालाही बोलवा. नाक्यावरची माणसं, टोळीतल्या बाया, आवारातला रखवालदार यांना पाहुणे म्हणून मानाने बसवा. मात्र त्यांना सन्मानासाठी बोलावलं असेल तर सन्मानच करा. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, नको म्हणाले तर नको. पत्रकं वाटू नका. शिधा देऊन फोटो काढू नका. पाड्यांवरून आलेल्या माणसाला चर्चमध्ये पाऊल ठेवल्याबद्दल गावात उत्तर द्यावं लागू शकतं, याचं भान ठेवा.

मध्यस्थी आणि अर्पण

मध्यस्थी एकट्याने करू नका, बाकांवरून वेगवेगळे आवाज येऊ द्या. प्रत्येक विनंतीनंतर मंडळीने म्हणावं, *प्रभू, आमच्या हातांचं काम तू पक्कं कर.*

*नाक्यावर उभं राहून, काम न मिळता घरी परतणाऱ्यांसाठी.*
*पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्यांसाठी, आणि ब्रेकच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी.*
*द्राक्षबागेत औषध मारताना ज्यांच्या छातीत ते जातं त्यांच्यासाठी; पैसे बुडालेल्या शेतकऱ्यासाठी.*
*सिन्नरच्या घराघरांत विड्या वळणाऱ्या बायांसाठी, बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालांसाठी.*
*येणाऱ्या सिंहस्थासाठी रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांसाठी, आणि मेळा सरल्यावर घाट झाडणाऱ्यांसाठी.*
*गटारात उतरून परत न आलेल्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी.*
*मालकांसाठी, की स्वर्गात आपलाही एक धनी आहे हे त्यांनी विसरू नये.*

शेवटची विनंती कलस्सैकर ४:१ वरून घेतली आहे. ती चर्चमधल्याच एखाद्या उद्योजकाने म्हणावी, त्याची तयारी असेल तर.

प्रभुभोजन असेल तर भाकर आणि द्राक्षरस वेदीपाशी आणायला बागेत काम करणाऱ्या आणि घरोघरी पोळ्या लाटणाऱ्या बहिणींना सांगा. वेगळं भाष्य नको.

त्या दिवसाचं अर्पण कशासाठी, ते आधी जाहीर करा. चर्चच्या कामगारांच्या पगारातली तफावत भरून काढणं हा पहिला हक्क. उरलं तर कामगार मदत निधी: अपघात झाला, पगार अडकला, ब्रेकमध्ये मुलाची फी भरायची राहिली, अशा वेळी बिनव्याजी रक्कम. निधी तिघांकडे असावा, त्यांतला एक तरी स्वतः कामगार असावा.

उपासनेनंतर: जेवण आणि टेबलं

जेवण ठेवा. पण दरवेळी महिला मंडळालाच चुलीपाशी उभं करायचं असेल तर कामगारांचा सन्मान कुठे राहिला? स्वयंपाक आणि वाढप पास्टरेट कमिटीच्या पुरुषांकडे द्या. भांडीही त्यांनीच घासावीत.

आवारात तीन-चार टेबलं मांडा, प्रत्येकी एक जाणकार आणि एक लॅपटॉप. पहिल्यावर ई-श्रम नोंदणी. असंघटित क्षेत्रातल्या, पीएफ किंवा ईएसआयसी (कामगार विमा) नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या माणसांना ती करता येते. आधार आणि बँकेचं पासबुक आणायला आधीच सांगून ठेवा. दुसऱ्यावर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची माहिती. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दाखल्यावर सही मिळवणं हीच खरी अडचण असते, तेव्हा मंडळीतल्या बिल्डर-ठेकेदारांना आधीच गाठा आणि त्यांना त्याच टेबलावर बसवा. ही एक गोष्ट झाली तरी त्या संध्याकाळचं चीज झालं असं मी म्हणेन. तिसऱ्यावर पीएफ. यूएएन, म्हणजे पीएफचा कायम क्रमांक, चालू आहे का, पासबुकात दर महिन्याला रक्कम पडते का, हे उमंग ॲपवर तिथल्या तिथे दिसतं. अनेकांना पहिल्यांदाच कळतं की कापलेले पैसे भरलेलेच नाहीत.

चौथ्या टेबलावर मंडळीतला किंवा ओळखीचा वकील. विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा. हे कागदावर छापून हातात द्या. टेबलावर बसणाऱ्यांनी आश्वासनं देऊ नयेत. नोंद घ्यावी, फोन नंबर घ्यावा आणि कोण, कधी परत बोलेल ते सांगावं.

पुढचे महिने

पहिल्या आठवड्यात समितीने पुन्हा बसावं. टेबलांवरच्या प्रत्येक नोंदीला एक माणूस नेमून द्यावा. कामगार कार्यालयात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसासोबत कोणीतरी गेलं पाहिजे. पांढऱ्या कॉलरचा निवृत्त सरकारी नोकर बरोबर असला की बाबूंचा सूर बदलतो, आणि अशी माणसं आपल्या मंडळ्यांत भरपूर आहेत. त्यांना हे काम सोपवा.

साक्ष देणाऱ्या दोघांना पंधरा दिवसांनी भेटून विचारा, कामावर काही त्रास झाला का? झाला असेल तर मंडळीने त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, पगार थांबला तर निधीतून द्यायचा.

१० जून हा रविवारची सुट्टी मिळाल्याचा दिवस, त्याच्या आसपासच्या रविवारी मदत निधीचा आणि नोंदण्यांचा हिशेब मंडळीच्या सूचना वाचतानाच सांगा. आणि १ जुलैला विशेष भत्ता बदलला की त्या महिन्याच्या पास्टरेट कमिटीत रखवालदार आणि झाडणाऱ्या मावशींच्या पगाराचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या, मागच्या सभेचा अहवाल वाचण्याच्याही आधी.